रविवारी चकाचक केलेली नदी सोमवारी पुन्हा तशीच का होते? हिंगोलीच्या कयाधूवरून समजून घ्या

सकाळी सातची वेळ. दहा-पंधरा पोरं, हातात मोजे, चार फावडी, कचऱ्यासाठी युरियाच्या रिकाम्या गोण्या आणि मागे एक फ्लेक्स. दोन तासांत नदीकाठचा एक तुकडा चकाचक. मग ग्रुप फोटो, पोहे, चहा आणि दुपारपर्यंत रील अपलोड.

महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात आता असा एखादा ग्रुप सापडतो. त्याच्या पोस्टखाली दोन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या असतात. पहिली, 'सलाम तुमच्या कार्याला'. दुसरी, 'फोटोपुरतं आहे सगळं, पुढच्या आठवड्यात जाऊन बघा'.

पुढच्या आठवड्यात जाऊन बघितलं तर दुसरी कमेंट करणारा बरेचदा बरोबर ठरतो. पण त्याने सांगितलेलं कारण चुकीचं असतं. पोरांचा उत्साह खोटा नसतो. नदी जिथे घाण होते आणि जिथे आटते, ती ठिकाणं झाडू मारायच्या जागेपासून लांब असतात, एवढंच.

हे समजून घ्यायला हिंगोली जिल्हा चांगला आहे. इथे कयाधू नदीसाठी लोक गेली काही वर्षं राबतायत आणि ते काम काठावरच्या कचऱ्यापुरतं राहिलेलं नाही.

कयाधू आहे कुठली?

पुराणात कयाधू म्हणजे हिरण्यकश्यपूची बायको आणि भक्त प्रल्हादाची आई. हेच नाव असलेली ही नदी वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी या तालुक्यांतून वाहते आणि पुढे नांदेड जिल्ह्याच्या हद्दीत पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे हिंगोलीच्या पुलावरून टाकलेली प्लास्टिकची पिशवी नशिबाने साथ दिली तर थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकते.

नदीकाठी नर्सी नामदेव आहे, संत नामदेवांचं जन्मगाव. पंढरपूरची आषाढी वारी झाली की त्यानंतरच्या एकादशीला इथे परतवारी भरते आणि हजारो वारकरी येतात. नामदेवांच्या रचना गुरू ग्रंथ साहिबमध्ये असल्यामुळे पंजाबातूनही भाविकांचा राबता असतो. थोडक्यात, ज्या नदीचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नाही, तिच्या काठावर देशभरातून लोक येतात.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, २०११च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या, मोठे कारखाने जवळपास नाहीत. त्यामुळे इथल्या नदीची अवस्था सांगताना 'कंपन्यांनी वाट लावली' म्हणायची सोय नाही. इथे जे काही होतं ते शेतं, गावं, नाले, वाळू आणि सरकारी कागद यांच्यामधूनच होतं.

वर नकाशाची एक अडचण आहे, जी कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही. उगम वाशिम जिल्ह्यात, म्हणजे अमरावती महसूल विभागात. मधला प्रवास हिंगोलीत आणि शेवट नांदेडमध्ये, म्हणजे छत्रपती संभाजीनगर विभागात. हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कितीही मनावर घेतलं तरी नदीच्या डोक्यावर त्यांचा अधिकार चालत नाही. नदी एक आणि तिची फाईल तीन टेबलांवर.

आधी नदी चालून बघा

२ ऑक्टोबर २०२२ रोजी राज्य सरकारने वर्ध्याच्या सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू केलं. जलतज्ज्ञ राजेंद्र सिंह त्याच्याशी जोडलेले होते. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचं निमित्त होतं म्हणून सुरुवातीला ७५ नद्या निवडल्या गेल्या, पुढे हा आकडा शंभराच्या वर गेला. हिंगोलीतून कयाधूचा त्यात समावेश झाला.

अभियानाची कल्पना साधी होती. नदी साफ करायला जाण्याआधी ती उगमापासून संगमापर्यंत चालून बघायची. गावागावांत बसायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की डोह कुठे होता, मार्चपर्यंत पाणी कुठे टिकायचं, मासे कुठले मिळायचे. मग ते लिहून काढायचं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ठेवायचं.

कयाधूच्या बाबतीत ही सुरुवात शून्यातून नव्हती. कळमनुरी तालुक्यातली उगम ग्रामीण विकास संस्था आणि तिचे जयाजी पाईकराव यांनी कयाधूच्या पुनरुज्जीवनाचा विषय सरकारी अभियान येण्याआधीपासून लावून धरला होता. त्यांच्या मांडणीचा रोख काठापेक्षा पाणलोटावर, म्हणजे नदीला पाणी आणून देणाऱ्या ओढ्या-ओघळींवर होता.

ऐकायला हे फारसं भारी वाटत नाही. ओघळीत दगड रचतानाचा व्हिडिओ व्हायरल होत नाही. पण नदीचा सगळा हिशेब तिथेच लपलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू.

नदी आटते कुठून?

हिंगोलीत पाऊस मराठवाड्याच्या मानाने बरा पडतो. बीड किंवा धाराशिवच्या तुलनेत हा जिल्हा नशीबवान म्हणायचा. तरी उन्हाळ्यात नदी कोरडी. असं का?

मराठवाड्याच्या पोटात काळा बेसाल्ट खडक आहे. वाळूच्या खडकासारखं पाणी तो सहज पोटात घेत नाही. वरच्या झिजलेल्या थरात, ज्याला आपण मुरूम म्हणतो, आणि खडकाच्या भेगांमध्ये जेवढं मुरेल तेवढंच. पावसाळा संपल्यावर हेच मुरलेलं पाणी हळूहळू झिरपून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत येतं. जानेवारीत नदीला जी बारीक धार दिसते, ती पावसाची नसते. जुलैमध्ये डोंगरउतारावर जिरलेल्या पाण्याची असते.

आता आकडा बघा. महसूल खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. एका एकरावर ६५ मिलीमीटर पाऊस पडला तर होतात सुमारे २ लाख ६० हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे २६ टँकर, एका दिवसात, फक्त एका एकरावर. उतारावर झाडोरा नसेल, बांध मोडलेले असतील, ओघळी खोल गेल्या असतील, तर यातलं बरंचसं पाणी काही तासांत मातीसकट नदीत पोचतं.

मग एकाच जिल्ह्याला दोन्ही गोष्टी भोगाव्या लागतात. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातलं कुरुंदा गाव पुराच्या पाण्यात गेलं. सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीला झालेल्या अतिवृष्टीत जिल्ह्यातल्या नद्या-ओढ्यांनी पुन्हा पात्र सोडलं आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. आणि त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात गावं टँकरची वाट बघतात. पूर आणि टंचाई या दोन वेगळ्या बातम्या वाटतात, पण उतारावर न थांबलेलं पाणी हे दोन्हींचं एक मोठं कारण आहे.

म्हणून 'माथा ते पायथा' हा शब्द पाणलोटाच्या कामात सतत येतो. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर दगडी बांध, मग शेतात बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर बंधारा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी खाली बंधारा बांधला आणि वर काहीच केलं नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो. गावोगावी असे गाळाने भरलेले, क्रिकेट खेळायच्या लायकीचे बंधारे तुम्ही पाहिले असतील.

मग जेसीबी लावून नदी खोल करायची?

लोकांना हा उपाय सगळ्यात आवडतो. पैसा जमा करा, पोकलेन आणा, पात्र खोल-रुंद करा. एका पावसात पाणी साठलेलं दिसतं, ड्रोन शॉट सुंदर येतो.

पात्रातला गाळ काढणं वेगळं आणि पात्र खोदणं वेगळं. गाळ काढला तर पाणी जिरायला वाट मिळते आणि तो गाळ शेतात टाकला तर जमीनही सुधारते. पण गाळाच्या खाली जाऊन मुरूम आणि खडक फोडला की उलटंही होऊ शकतं. आजूबाजूच्या जमिनीत साठलेलं पाणी या खड्ड्यात उतरतं, तिथे उन्हाने उडून जातं किंवा मोटारींनी उपसलं जातं आणि शेजारच्या विहिरी लवकर खाली जातात.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार योजनेवर हाच आक्षेप घेतला गेला. नाला खोलीकरणावर नको तितका भर दिला जातोय, अशी तक्रार घेऊन अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. पुढे २०२० मध्ये 'कॅग'ने अहवालात म्हटलं की या योजनेवर ९ हजार ६०० कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही. योजनेचे समर्थक आजही हे मान्य करत नाहीत आणि ज्या गावांत क्रम पाळून काम झालं तिथे फायदा झाला, हेही खरं आहे. राज्यात २०२२ नंतर योजनेचा दुसरा टप्पाही सुरू झाला. पण राज्य सरकारची यंत्रणा हाताशी असताना जो प्रकार फसू शकतो, तोच वर्गणी काढून, घाईघाईत, सर्व्हे न करता केला तर काय होईल याचा अंदाज गावातल्या ग्रुपने लावलेला बरा.

कचरा उचलता येतो, सांडपाणी नाही

आता काठाकडे येऊ, जिथे रविवारी फावडी चालतात.

नदीकाठी दिसणारी घाण दोन प्रकारची. एक डोळ्यांना दिसते, म्हणजे पिशव्या, निर्माल्य, जुने कपडे, देवांच्या तसबिरी. ती हाताने उचलता येते. दुसरी म्हणजे सांडपाणी. शहराचे नाले उताराने नदीकडेच जातात आणि ते रविवारीही वाहत असतात. पन्नास पोरांनी महिनाभर राबून उचललेला कचरा एका बाजूला आणि एका मोठ्या नाल्यातून चोवीस तास येणारं पाणी दुसऱ्या बाजूला, या स्पर्धेत पोरं जिंकू शकत नाहीत.

हिंगोली एकटं या रांगेत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले गेले आणि त्यात सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले होते.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. १९७४चा जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा, कलम २४ : कुणीही जाणूनबुजून प्रदूषित पाणी नदी-नाल्यात सोडायचं नाही. 'कुणीही' यात नगरपरिषदसुद्धा येते. महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद कायद्यात गटारं आणि सार्वजनिक स्वच्छता ही नगरपरिषदेची बंधनकारक कामं आहेत, जमलं तर करायची नाहीत.

'पण नगरपरिषदेकडे पैसेच नाहीत' हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. हे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच फेटाळलंय आणि तो खटलाही एका छोट्या शहराचा होता. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये एका वस्तीतले लोक उघड्या गटारांना आणि दुर्गंधीला कंटाळून थेट दंडाधिकाऱ्यांकडे गेले. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला आदेश दिला. नगरपालिका 'तिजोरी रिकामी आहे' म्हणत वरपर्यंत लढली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाने सांगितलं की पैसा नाही म्हणून लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टाळता येणार नाही.

रतलामच्या लोकांनी जे कलम वापरलं ते तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३वं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या एसडीएम ऑफिसात, अर्ज करता येतो. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. फावड्यापेक्षा हा अर्ज जड आहे, कारण त्यानंतर नगरसेवक, मुख्याधिकारी, ओळखीपाळखीचे लोक यांच्याशी वाकडं यायची शक्यता असते. छोट्या शहरात तर फ्लेक्सवर ज्यांचा फोटो 'मार्गदर्शक' म्हणून छापला, अर्ज त्यांच्याच कारभाराविरुद्ध जातो. बरेच ग्रुप इथेच थांबतात.

चंद्रपूरचा ग्रुप पुढे कसा गेला?

इथे चंद्रपूरचं उदाहरण कामाला येतं, कारण तिथली सुरुवातही झाडू-फावड्यानेच झाली होती. बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी मार्च २०१७ मध्ये शहराच्या गोंडकालीन किल्ल्याची साफसफाई सुरू केली. एक दिवस नाही, शेकडो दिवस, रोज सकाळी. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये उल्लेख केला.

हा ग्रुप तिथे थांबू शकला असता. पण शहराच्या मधोमध असलेल्या रामाळा तलावात सांडपाणी येत होतं आणि ते झाडूने थांबणार नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये धोतरे अन्नत्याग सत्याग्रहाला बसले. मागणी सौंदर्यीकरणाची नव्हती. तलावात येणारं सांडपाणी अडवा, त्यावर प्रक्रिया करा आणि गाळ काढा, ही होती. जवळपास दोन आठवडे उपोषण चाललं आणि राज्याच्या पर्यावरण खात्याला त्यात लक्ष घालावं लागलं.

किल्ला साफ करताना जी विश्वासार्हता मिळाली, ती तलावाच्या मागणीमागे उभी राहिली. इतके दिवस घाम गाळलेल्या माणसांना 'तुम्ही फक्त बोलता' असं म्हणता येत नाही. श्रमदानाचा हा एक उपयोग कचऱ्याच्या गोण्या मोजून कळत नाही.

गावपातळीवर तर उत्तर आणखी जवळ आहे. हिंगोलीच्या शेजारच्याच नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे खणले आणि 'डासमुक्त गाव' म्हणून नाव कमावलं. चार बाय चार फुटांचा खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, बाजूला दगड-गोटे. आंघोळीचं, भांड्याचं पाणी त्यात जातं आणि जिरतं. गटारच नको, मग नाला नाही आणि नदीत घाणही नाही. 'नांदेड पॅटर्न' म्हणून हे पुढे बऱ्याच ठिकाणी गेलं. कयाधूच्या काठावरच्या गावांसाठी ड्रोन शॉटपेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे. पैशाचा प्रश्न असेल तर १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. तुमच्या ग्रामपंचायतीने तो कशावर खर्च केला, हे ग्रामसभेत विचारता येतं.

वाळू, ज्यावर कुणी रील करत नाही

कयाधूच्या पात्रातून चोरटा वाळूउपसा हा हिंगोलीच्या स्थानिक बातम्यांमधला नेहमीचा विषय आहे. नदीसाठी वाळू म्हणजे स्पंज. वाळूच्या थरात साधारण एक तृतीयांश जागा पोकळ्यांची असते, त्यात पाणी साठतं आणि वर कोरडं दिसणारं पात्रही आतून ओलं राहतं. वाळू खरवडून काढली की पाणी थांबत नाही आणि काठावरच्या विहिरींनाही फटका बसतो.

सरकारने २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं धोरण आणलं, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाची पद्धत आणली आणि दगडापासून बनवलेल्या कृत्रिम वाळूवर भर दिला. धोरण कुठलंही असो, रात्री ट्रॅक्टर कुठल्या घाटावर उतरतात हे गावाला माहीत असतं. इथे स्वयंसेवकाने एकट्याने ट्रॅक्टर अडवायला जाणं हा शहाणपणा नाही, महसूल अधिकाऱ्यांवरही हल्ले झालेल्या बातम्या राज्यभरातून येत असतात. ग्रामसभेचा ठराव करून तो तहसीलदारांकडे देणं, त्याची पोच घेणं आणि पाठपुरावा करणं हा रटाळ पण सुरक्षित मार्ग. ठराव गावाचा असतो, त्यामुळे तक्रारदार म्हणून एकाच माणसाचं नाव पुढे येत नाही.

झाडं लावतोय की, ते?

लावाच. पण २०१९ची ३३ कोटी वृक्षलागवड आठवा. आकडा इतका मोठा होता की पुढे झाडं जगली किती यावर चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. लावलेल्या झाडांचा आकडा जूनमध्ये मिळतो, जगलेल्या झाडांचा मेमध्ये.

लातूरच्या ग्रीन लातूर वृक्ष टीमने हे ओळखलं. २०१९पासून ही मंडळी रोज, हो रोज, सकाळी झाडांच्या मागे असतात. आळं करणं, टँकरने पाणी घालणं, आधाराची काठी बदलणं. ज्या शहराला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे चालतं.

आणि नदीकाठी काय लावायचं? गुलमोहर नको. अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर ही काठावरची जुनी मंडळी. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात. काठावर माजलेली वेडी बाभूळ आणि बेशरम काढायची असेल तर एकदम सगळी उपटू नका, पावसाळ्याच्या तोंडावर तर अजिबात नाही. काठ उघडा पडला की पहिल्याच पुरात माती जाते.

वाचवलेलं पाणी जातं कुठे?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आणि त्यावर बोलायला सगळेच टाळतात.

हिंगोली म्हटलं की हळद. 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद हे जवळपास नऊ महिन्यांचं पीक आहे. मे-जूनमध्ये लागवड, काढणी जानेवारीनंतर. म्हणजे पाऊस थांबल्यावरही काही महिने पाणी लागतं. पूर्णेच्या कालव्यावरच्या शेतीचं गणित वेगळं, पण कयाधूच्या खोऱ्यात विहीर आणि नदीवरची मोटार हाच आधार.

समजा एखाद्या गावाने श्रमदानातून ओढा जिवंत केला. विहिरीला पाणी वाढलं. आनंद. पुढच्या वर्षी त्याच भरवशावर चार शेतकऱ्यांनी जास्त हळद लावली, दोघांनी बोअर घेतला. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत विहिरी पुन्हा तळाला. यात शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. घर चालवायला पैसा देणारं पीक तो घेणारच.

हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पण तिथे नेमकं काय झालं ते अर्धवट सांगतात. तिथे श्रमदान झालं, चर खणले गेले हे खरं. पण सोबत नियम आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीच्या सिंचनासाठी बोअरवेल नको, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नकोत. दरवर्षी पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती पडलं, किती साठलं, पिण्याला किती, जनावरांना किती आणि उरलेल्यात रब्बी किती. पाणी कमी असेल तर पेरा कमी. फावड्याइतकंच हे वहीतलं काम महत्त्वाचं ठरलं. आणि ते अवघडही आहे, कारण फावडं मारताना सगळे एकत्र असतात, 'तू बोअर घेऊ नकोस' म्हणताना भावकी आडवी येते.

सुरुवातीला मोठा ताळेबंद जमणार नाही. विहीर मोजणं जमेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात घेते. तीच पद्धत गावातल्या पाच-सहा विहिरींवर वापरता येते. दोरीला वजन, टेप आणि शाळेची वही. तीन वर्षांच्या नोंदी हातात असल्या की ओढ्यावरच्या कामाचा उपयोग झाला का, याचं उत्तर कमेंट बॉक्समध्ये शोधावं लागत नाही.

आता वेळेचं काय?

नदीच्या कामाला कॅलेंडर असतं आणि ते जागतिक पर्यावरण दिनाशी जुळत नाही. ५ जूनला नदीकाठी गर्दी होते, तेव्हा पावसाळा दाराशी आलेला असतो आणि चर खणायची वेळ निघून गेलेली असते. डोंगरावरची कामं उन्हाळ्यात, मृगाच्या आधी उरकावी लागतात. विहिरींची पहिली नोंद पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये. परतवारीला नर्सीत गर्दी होते तेव्हा पावसाळा सुरू असतो, त्यामुळे घाटावरच्या कचऱ्याचं नियोजन आधीच करावं लागतं, नाहीतर तो पुराबरोबर खाली कळमनुरीकडे जातो.

मोहन धारियांच्या 'वनराई'मुळे घराघरात पोचलेले वनराई बंधारे तर पूर्णपणे वेळेवर अवलंबून. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरून, ओढ्याला अजून धार असतानाच ते घालायचे असतात. खर्च नगण्य, दहा-पंधरा माणसं आणि एक सकाळ. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये कामाला लागायचं, कारण डिसेंबरपर्यंत थांबलं तर बऱ्याच ओढ्यांत अडवायला पाणीच उरत नाही. गोण्या मात्र आधी गोळा कराव्या लागतात. गावात कुणाचं घर बांधकाम सुरू असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.